वैमानिकाची खुर्ची

खुर्ची म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम राजकारण उभे राहते. ती मिळवण्यासाठी माणसे काय काय करतात आणि एकदा मिळाली की ती कशी सोडवत नाही, यावर वर्तमानपत्रांतून रोज काही ना काही छापून येते. परंतु जगात एक खुर्ची अशीही आहे की तिच्यावर बसणाऱ्याला बसल्याबरोबर तिची तपासणी करावी लागते. ती वरखाली आणि पुढेमागे सरकवून ठरलेल्या जागी आणावी लागते व जागेवर पक्की बसली की नाही हे अंगाने रेटून पाहावे लागते. या कामात कुचराई झाली तर त्याचे परिणाम शे-दीडशे माणसांना भोगावे लागतात. ती खुर्ची म्हणजे विमानातील वैमानिकाची खुर्ची.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने विमानाच्या खुर्चीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. याला दोन कारणे आहेत. पहिले कारण म्हणजे संख्याशास्त्राच्या पेपरात आपण ज्या 'सरासरी'ची गणिते सोडवतो, त्या सरासरीचा एक मोठा पराभव या खुर्चीच्या इतिहासात दडलेला आहे. दुसरे कारण घरगुती आहे व ते पुढे ओघाने येईलच.

डोळ्याची जागा

मोटार चालवणारा माणूस आपल्या सोयीप्रमाणे सीट पुढेमागे करतो. पाठ दुखू नये, पाय पोचावेत, एवढाच त्याचा हिशेब असतो. विमानात हा हिशेब उलट्या बाजूने सुरू होतो. विमानाचा आराखडा काढताना अभियंते कॉकपिटमधल्या मोकळ्या हवेत एक बिंदू ठरवतात. वैमानिकाचे डोळे त्या बिंदूवर असतील असे गृहीत धरून बाकीचे सारे त्याभोवती मांडले जाते. समोरची काच किती उंच असावी, तबकड्या आणि पडदे कोठे बसवावेत, त्यांच्यावर सावली धरणारी पुढची काळी फळी किती वर यावी, डोक्यावरची बटणे हाताला कशी लागावीत, हे सगळे त्या एका बिंदूवरून मोजतात. तेव्हा वैमानिक जी खुर्ची हलवतो ती मुख्यतः आरामासाठी नव्हे. आपला डोळा त्या बिंदूवर नेऊन ठेवणे हा तिचा पहिला उद्देश असतो.

डोळा नेमक्या जागी ठेवण्याचे महत्त्व आपल्याला अगदीच नवीन नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नळीतील द्रवाची पातळी वाचताना डोळा त्या पातळीच्या समोर आणावा लागतो. वरून पाहिले तर आकडा एक दिसतो आणि खालून पाहिले तर दुसराच. आमच्या उज्जैनला याचे फार सुंदर उदाहरण आहे. माधव नगरातील आमच्या घरापासून सायकलने सहज जाता येईल इतक्या अंतरावर जयसिंहांची वेधशाळा आहे. अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी ती बांधली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथे दक्षिणोत्तर भित्तियंत्र म्हणून एक भिंत आहे. तिच्यावर अंशांच्या खुणा केलेले कंस आहेत आणि त्यांच्या केंद्राशी खुंटी आहे. खुंटीला दोरी बांधायची, ग्रह किंवा तारा दक्षिणोत्तर रेषेवर आला की डोळा कंसाशी न्यायचा, आणि दोरी, खुंटी व तारा एका रेषेत दिसतील असा तो सरकवायचा. जेथे दोरी कंसाला छेदते तेथला आकडा खरा. तारा आकाशात आपल्या जागी असतो, दगडी यंत्रही आपल्या जागी असते. हलायचे असते ते पाहणाऱ्याने. वैमानिकाच्या खुर्चीचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की वैमानिक स्वतः सरकत नाही, तर खुर्चीकडून आपल्याला सरकवून घेतो.

आपल्या कन्नड विभागातील मित्रांकडे 'कण्णळते' असा एक छान शब्द आहे. 'कण्णु' म्हणजे डोळा आणि 'अळते' म्हणजे माप. नजरेच्या टप्प्यात येणारे अंतर असा त्याचा अर्थ. आपण जे पुढे पाहणार आहोत ते सारे या एका शब्दात आले आहे.

दोन पांढरे गोळे, एक तांबडा

डोळा त्या अदृश्य बिंदूवर आला हे वैमानिकाला कसे कळते? एअरबस ए-३२० या विमानात याची मोठी साधी युक्ती केलेली आहे. हे विमान आपल्याकडील बहुतेकांनी निदान विमानतळावर पाहिलेले असते. समोरच्या दोन काचांच्या मधल्या खांबावर तीन छोटे गोळे बसवलेले असतात, दोन पांढरे आणि एक तांबडा. वैमानिक खुर्ची वरखाली व पुढेमागे करत त्या गोळ्यांकडे पाहत राहतो. पांढऱ्या गोळ्याआड तांबडा गोळा बरोबर झाकला गेला की डोळा जागेवर आला असे समजायचे. डावीकडच्या कप्तानालाही तेच गोळे उपयोगी पडतात आणि उजवीकडच्या सहवैमानिकालाही. यात वीज नाही की यंत्र नाही. भित्तियंत्रावरच्या खुंटीचा आणि दोरीचाच हा धाकटा भाऊ म्हणायचा!

ज्या विमानांत असे गोळे नसतात तेथे वैमानिक दुसऱ्या खुणा पाहतो. समोरच्या काळ्या फळीचा वरचा पृष्ठभाग किंचित दिसावा, तिच्यापलीकडे बाहेरचे दृश्य मोकळे दिसावे आणि त्याच वेळी फळीखालच्या सर्व तबकड्या पूर्ण दिसाव्यात, अशी ती मधली जागा असते. फार वर बसले तर फळीच तबकड्यांच्या वरच्या कडा झाकते. फार खाली बसले तर बाहेरची जमीन झाकली जाते.

डोळा जागेवर आल्यानंतर मग पायांची पाळी. विमानाचे शेपटीकडचे सुकाणू व चाकांचे ब्रेक पायांनी चालवायचे असतात. ही पावले ठेवायची पायटी वेगळ्या दांड्याने किंवा चकतीने पुढेमागे करता येते. एका बाजूची पायटी पूर्ण दाबून, वर ब्रेकही पूर्ण दाबता आला पाहिजे आणि तरीही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, असे ते माप आहे. त्यानंतर हाताची नियंत्रणे चारही दिशांना शेवटपर्यंत फिरवून पाहायची. कोठे मांडीला किंवा पोटाला अडत तर नाहीत? मग हातटेक, कंबरेचा आधार आणि पट्टे. ए-३२० मध्ये विमान बाजूच्या छोट्या दांड्याने चालवतात. त्यामुळे तेथे हातटेकीलाही आकड्यांची पट्टी असते व वैमानिक आपला आकडा लक्षात ठेवतो. सगळ्यात शेवटी खुर्ची अंगाने पुढेमागे रेटून ती रुळात अडकली आहे याची खात्री करून घ्यायची.

या क्रमामागचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी पाय जुळवले आणि मग डोळा, तर डोळ्यासाठी खुर्ची सरकली की पायांचे माप पुन्हा बिघडते. म्हणून जे बदलता येत नाही ते प्रथम साधायचे आणि जे बदलता येते ते नंतर त्याला जुळवून घ्यायचे. डोळ्याचा बिंदू कारखान्यातच ठरलेला असतो. पायटी मात्र आपल्याकडे ओढता येते.

एका इंचाची किंमत

येथे कोणी विचारील, की एक इंच वर बसले काय किंवा खाली बसले काय, त्याने असे काय बिघडते? आपण वाणिज्यवाले; तेव्हा याचा सरळ हिशेबच मांडू.

समजा, विमान उतरण्यासाठी येत आहे आणि वैमानिकाचा डोळा जमिनीपासून ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट उंचीवर आहे. धुक्यात नेहमीच्या यंत्रमार्गदर्शनाने उतरताना साधारणतः याच उंचीवर निर्णय घ्यावा लागतो. धावपट्टी किंवा तिच्याकडे नेणारे दिवे दिसले तर उतरायचे, नाहीतर पुन्हा वर उठायचे. डोळा योग्य जागी असताना समोरच्या फळीवरून वैमानिकाला २० अंश खालपर्यंत दिसते असे धरू. उतरताना विमानाचे नाक सुमारे ३ अंश वर उचललेले असते. म्हणून प्रत्यक्षात १७ अंश खालपर्यंतच दिसेल. त्रिकोणमितीने पाहिले तर विमानाच्या पुढची सुमारे १९६ मीटर जमीन फळीआड झाकलेली राहते.

आता वैमानिक फक्त एक इंच खाली बसला. डोळ्यापासून फळीचे अंतर ६५ सेंटिमीटर धरले तर खाली दिसण्याचा कोन सुमारे २ अंशांनी कमी होतो. १७ चे १५ अंश झाले, आणि झाकलेली जमीन १९६ वरून २२४ मीटरवर गेली. एका इंचाने २८ मीटर गमावले! दोन इंच खाली बसला तर सुमारे ६३ मीटर जातात.

स्वच्छ उन्हात २८ मीटरचे कोणाला काही वाटणार नाही. पण धुक्यात पुढचे जेमतेम ५५० मीटरपर्यंत दिसत असते आणि त्यातला जवळचा भाग फळी खाते. वैमानिकाच्या वाट्याला उरते ती मधली एक पट्टी. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या अलीकडे जी दिव्यांची ओळ असते, तिच्यातले दिवे ३० मीटरच्या अंतराने लावलेले असतात. म्हणजे एक इंच खाली बसणाऱ्याने दिव्यांची जवळजवळ एक पायरी गमावली आणि दोन इंच खाली बसणाऱ्याने दोन. निर्णयाला सेकंद किती, तर दोन-चार. उत्तर हिंदुस्थानातील डिसेंबर-जानेवारीचे धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना या दोन दिव्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

याला आणखी एक बाजू आहे. खाली बसलेल्या वैमानिकाला धावपट्टी नीट दिसावी म्हणून विमानाचे नाक नकळत खाली दाबण्याचा मोह होतो. शिवाय जमीन किती जवळ आली याचा अंदाज माणूस सरावाने घेत असतो. रोज वेगळ्या उंचीवर बसणाऱ्याचा हा सराव रोज मोडतो. आपल्या नेहमीच्या बाकावरून फळा जसा दिसतो तसा दुसऱ्या बाकावरून दिसत नाही, तसेच हे आहे. म्हणून शिकवणारे सांगतात, की प्रत्येक उड्डाणाला डोळा त्याच जागी ठेवा. म्हणजे धावपट्टीही रोज त्याच जागी दिसेल.

सरासरीचा पराभव

आता सरासरीकडे वळू. पूर्वीच्या लढाऊ विमानांचे कॉकपिट सैनिकांची मापे घेऊन, त्यांची सरासरी काढून बांधलेले असत. सरासरी माणसाला जे बसेल ते बहुतेकांना बसेल, असा तर्क होता, आणि वर्गात शिकताना आपल्यालाही तो पटतो. १९५० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. उंची, छाती, हाताची लांबी, मांडीची लांबी अशी कितीतरी. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतील कॉकपिटच्या दृष्टीने महत्त्वाची दहा मापे निवडली. प्रत्येक मापात मधल्या तीस टक्क्यांत येणारा तो 'सरासरी' असे उदार मनाने ठरवले. मग त्याने विचारले, की दहाही मापांत सरासरी असलेले वैमानिक किती?

उत्तर आले शून्य. चार हजारांत एकही नाही! केवळ तीन मापे घेतली तरी तिन्हींत सरासरी असणारे साडेतीन टक्क्यांहून कमी निघाले. कोणाचे हात लांब तर पाय आखूड, कोणाची छाती रुंद तर मान छोटी. सरासरी माणसासाठी बांधलेले कॉकपिट हे अशा प्रकारे कोणासाठीच बांधलेले नव्हते.

यातून निघालेला मार्ग म्हणजे सरकणारी खुर्ची, पुढेमागे होणारी पायटी आणि कमीजास्त होणारे पट्टे. मापांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या माणसांना जागा करून द्यायची, हे नवे धोरण ठरले. मोठ्या प्रवासी विमानांसाठी अमेरिका व युरोपात जे नियम आहेत त्यांत आज असे स्पष्ट लिहिलेले आहे, की ५ फूट २ इंचांपासून ६ फूट ३ इंचांपर्यंत उंचीच्या वैमानिकाला खुर्चीत पट्टे बांधून बसल्यावर सर्व नियंत्रणे पूर्ण चालवता आली पाहिजेत. म्हणजे जुळवून घेण्याचा बराचसा भार कायद्याने यंत्रावर टाकला. माणसाने आपली हाडे लांबवावीत, अशी अपेक्षा त्यात नाही.

आता ते घरगुती कारण. माझी एक मावसबहीण बारावीनंतर विमान शिकण्याची चौकशी करायला एका संस्थेत गेली. तिची उंची ५ फूट २ इंच. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "बाळ, तुमचे पाय पोचणार नाहीत." टेप आणली नाही, खुर्चीत बसवून पाहिले नाही. ती घरी आली, आणि मावशीने "जाऊ दे, नशिबात नव्हते" म्हणून विषय मिटवला. मला मात्र राहवेना, म्हणून मी वाचू लागले. आणि असे दिसले, की उंची हा एकच आकडा पुरेसा नसतोच.

दोन मैत्रिणी उभ्या राहिल्या तर अगदी सारख्या उंचीच्या असतात, पण बाकावर बसल्या की एक दुसरीपेक्षा चार बोटे उंच दिसते. हे आपण वर्गात रोज पाहतो. एकीचे धड लांब असते, दुसरीचे पाय. खुर्चीची उंची धडाच्या लांबीशी जुळवायची असते आणि पायटीचे अंतर पायांच्या लांबीशी. दोन्ही वेगळी मापे आहेत. म्हणूनच आपल्या हवाई दलात उड्डाण शाखेच्या भरतीसाठी केवळ उंची पाहत नाहीत. भरतीच्या माहितीपत्रकांत आलेल्या मापांप्रमाणे किमान उंची १६२.५ सेंटिमीटर हवी. पण त्याखेरीज बसल्या बैठकीची उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर आणि मांडीची लांबी ६४ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बैठक फार कमी असली तर खुर्ची पूर्ण वर नेऊनही डोळा त्या बिंदूवर येत नाही. फार जास्त असली तर डोके वरच्या काचेला लागते. मांडीला वरची मर्यादा का? तर संकटकाळी लढाऊ विमानाची खुर्ची वैमानिकासह बाहेर फेकली जाते, त्या क्षणी गुडघे समोरच्या फळीवर आपटता कामा नयेत.

वैमानिकाचे शरीर आणि विमान यांचा मेळ हा आज अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. बंगळूरला हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिनची संस्था याच क्षेत्रात काम करते. विशेषतः परदेशी माणसांच्या मापाने आखलेली विमाने आपल्याकडे आली, की हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. नाशिकजवळच्या ओझरला ज्या मिग-२१ विमानांची बांधणी झाली त्यांचा आराखडा सोव्हिएत रशियातला. त्याच जातीचे विमान फेब्रुवारी २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या अवनी चतुर्वेदी यांनी एकटीने उडवले. प्रवासी विमानांत तर महिलांचा इतिहास याहून जुना आहे. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिप विमानाने कोलकाता ते सिल्चर असे केवळ महिला वैमानिकांचे उड्डाण केले, त्याच्या कप्तान होत्या सौदामिनी देशमुख. ज्या खुर्चीवर आदल्या दिवशी उंच पुरुष बसला असेल तीच खुर्ची दुसऱ्या दिवशी स्त्रीच्या डोळ्याला योग्य जागी आणते, हे त्या सरकत्या रुळांचे काम.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की हवाई दलाच्या उड्डाण शाखेचे दार तिच्या उंचीला बंद आहे, हे खरे. पण मोठ्या प्रवासी विमानाचे कॉकपिट नियमाप्रमाणे जेथून सुरू होते, बरोबर त्याच मापावर ती उभी आहे. तिला निदान खुर्चीत बसवून, पट्टे बांधून, पायटी दाबून पाहायला हवे होते. नकार देण्याचा अधिकार टेपला आहे, नजरअंदाजाला नाही.

सरकणाऱ्या खुर्चीचा धोका

जी वस्तू सरकते ती नको तेव्हाही सरकू शकते. मे २०१० मधील गोष्ट. त्या महिन्याच्या २२ तारखेला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीवरून पुढे घसरून १५८ माणसे मृत्युमुखी पडली होती आणि सारा देश हळहळत होता. त्यानंतर काही दिवसांतच त्याच कंपनीचे दुबईहून पुण्याला येणारे बोइंग ७३७ विमान सुमारे ३७,००० फुटांवरून एकाएकी खाली जाऊ लागले. कप्तान प्रसाधनगृहात गेले होते. कॉकपिटमध्ये एकटा सहवैमानिक होता. चौकशीत असे निष्पन्न झाले, की त्याने आपली खुर्ची पुढे सरकवताना समोरचा नियंत्रणदांडा नकळत पुढे दाबला गेला. स्वयंचलित यंत्रणेने धरून ठेवलेली पातळी सुटली आणि विमानाने नाक खाली केले. सहवैमानिक इतका गोंधळला की त्याने दारही उघडले नाही. कप्तानांनी संकटकाळचा सांकेतिक क्रमांक वापरून दार उघडले, आत येऊन विमान सावरले. तोपर्यंत ते सुमारे ७,००० फूट खाली आले होते. शंभरावर प्रवासी सुखरूप पुण्यात उतरले. खुर्ची सरकवणे ही किती किरकोळ गोष्ट! पण ती सरकवताना हातपाय नियंत्रणांपासून दूर ठेवायचे आणि विमान दुसऱ्याच्या ताब्यात असतानाच ती हलवायची, हा नियम का आहे ते या एका घटनेवरून कळते.

मार्च २०२४ मध्ये सिडनीहून ऑकलंडला जाणाऱ्या लाताम कंपनीच्या बोइंग ७८७ विमानातही असेच झाले. तेथे कप्तानाची वीजेवर चालणारी खुर्ची त्याने न सांगता पुढे सरकली, असे प्राथमिक अहवालात म्हटले आहे. विमान अचानक खाली गेले व पट्टे न बांधलेली माणसे छताला आपटली. सुमारे पन्नास जण जखमी झाले.

लहान विमानांत धोका उलट दिशेचा असतो. सेस्नाची छोटी विमाने जगभर शिकाऊ वैमानिकांसाठी वापरली जातात. तिच्यातील खुर्ची रुळांवर सरकते आणि रुळांच्या भोकांत खिळा अडकून ती थांबते. भोके झिजली किंवा खिळा नीट बसला नाही, तर विमान वेगाने धावू लागताच खुर्ची मागे घसरते. घसरणारा माणूस आधारासाठी हातातले नियंत्रण घट्ट धरतो, म्हणजेच ते मागे ओढतो. विमानाचे नाक धोकादायकपणे वर जाते आणि पाय पायटीपासून सुटलेले असतात. अशा अपघातांनंतर १९८७ मध्ये अमेरिकन नियामकांनी या रुळांची व खिळ्यांची ठराविक काळाने तपासणी सक्तीची केली. उड्डाणाआधी खुर्ची रेटून पाहण्याची सवय शिकाऊ वैमानिकाला पहिल्या दिवसापासून लावतात, ती यासाठी.

उशीचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कमी उंचीचे विद्यार्थी लहान विमानात पाठीमागे किंवा खाली उशी घेतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र उशी घट्ट असावी. मऊ उशी वजनाने दबते आणि डोळा पुन्हा खाली जातो. फेकल्या जाणाऱ्या खुर्चीत तर मऊ जाड उशी घातकच. खुर्ची वर झेपावते तेव्हा उशी आधी दबते आणि मग खुर्चीचा तडाखा एकदम कण्याला बसतो.

शेवटी एक उपयुक्त सूचना. आपल्यापैकी ज्या कोणाच्या मनात वैमानिक व्हायचे आहे, त्यांनी चौकशीला जाण्यापूर्वी घरीच तीन मापे घ्यावीत. सपाट बाकावर भिंतीला पाठ टेकून ताठ बसावे आणि बाकापासून डोक्याच्या टोकापर्यंत मोजावे. ही बैठकीची उंची. तसेच भिंतीला टेकून पाय समोर सरळ पसरावेत आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजावे; ही पायाची लांबी. गुडघा काटकोनात वाकवून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजावे. ही मांडीची लांबी. ही मापे आणि उंची एका कागदावर लिहून बरोबर न्यावीत, आणि कोणी नुसते पाहून नकार दिला तर तो कागद नम्रपणे पुढे करून विचारावे, की यातले कोणते माप बसत नाही, आणि कोणत्या विमानाला? माझ्या मावसबहिणीसाठी असा कागद आम्ही तयार केला आहे. येत्या सुट्टीत ती पुन्हा चौकशीला जाणार आहे, आणि या वेळी मावशीही बरोबर जाणार आहेत.